रिपोर्टमधल्या तीन ओळी समजून घ्या

गाठीचा तुकडा तपासून आला की घरात एकच वाक्य ऐकू येतं : "कॅन्सर निघाला." पुढचं कुणी विचारत नाही. वस्तीतल्या बैठकीत भगिनी पिशवीतून रिपोर्ट काढून पुढे ठेवतात, तेव्हा आम्ही आधी तीन ओळी शोधतो. इंग्रजी अक्षरांत ईआर, पीआर आणि हर-टू लिहिलेलं असतं. अनेकींना त्याचा अर्थ कुणी सांगितलेलाच नसतो. तो समजणं हा रुग्णाचा हक्क आहे, असं आमचं ठाम मत आहे.

कारण स्तनाचा कॅन्सर हा एकच आजार नाही. आपल्या पेशींत गाठ होऊ न देणारी राखणदार प्रथिनं असतात. १९७९ साली सापडलेलं पी-५३ हे त्यातलं एक. पेशीतल्या डीएनएला इजा झाली की ते पेशीची वाढ थांबवतं. दुरुस्ती झाली नाही तर ती पेशी नष्ट करायला लावतं. दुसरं बीआरसीए-१. तुटलेला डीएनए जोडायला ते लागतं. हे राखणदार बिघडले की गाठीला रान मोकळं मिळतं.

पण हा बिघाड सगळ्या प्रकारांत सारखा नसतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात, हार्मोनवर पोसणाऱ्या आणि हळू वाढणाऱ्या 'ल्युमिनल ए' गाठींपैकी सुमारे १२ टक्के गाठींत पी-५३चं जनुक बिघडलेलं आढळलं. 'बेसल' प्रकारात हेच प्रमाण ८० टक्के होतं. ईआर, पीआर, हर-टू तिन्ही निगेटिव्ह असलेल्या बहुतेक गाठी या बेसल प्रकारात मोडतात.

म्हणून शेजारणीला दिलेलं औषध आपल्यालाही चालेल, असं नाही. ईआर पॉझिटिव्ह असेल तर टॅमॉक्सिफेनसारखी गोळी निदान पाच वर्षं घ्यावी लागते. बरं वाटतंय म्हणून मध्येच सोडायची नाही. हर-टू पॉझिटिव्ह असेल तर ट्रास्टुझुमॅबचं इंजेक्शन असतं. तिन्ही निगेटिव्ह असतील तर हार्मोनच्या गोळीचा उपयोग नाही. तिथे केमो टाळणं जिवावर बेतू शकतं. अशा वेळी बीआरसीए तपासणीबद्दलही डॉक्टरांना विचारा.

आणखी एक. "हिच्या माहेरचाच दोष", "मागच्या जन्मीचं पाप" ही बोलणी आम्ही आजही ऐकतो. स्तनाच्या शंभर कॅन्सरपैकी पाच ते दहाच आनुवंशिक असतात. बीआरसीएमधला दोष आईकडून येतो तसा बापाकडूनही येतो, आणि मुलगा असो वा मुलगी, प्रत्येकाला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून डॉक्टरांना मावशीबरोबर आत्याचाही आजार सांगा. आजारी बाईला दोष देऊन गाठ विरघळत नाही. तिचा दवाखान्यात जायचा धीर मात्र खचतो.

भगिनींनो, रिपोर्टची झेरॉक्स घरी ठेवा. आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांना न घाबरता विचारा : माझा प्रकार कोणता? त्याला औषध कोणतं? ते किती दिवस घ्यायचं?