मनगटापासून तीन बोटे

पहाटेच्या लोकलसाठी विरारच्या फलाटावर अंग चोरून उभा राहणारा आणि रात्री वसईच्या खाडीवरील पूल ओलांडून त्याच गर्दीतून घरी परतणारा आमचा वाचक जो मानसिक ताण निमूटपणे वाहतो, त्याच्या परिहारार्थ या अंकात अ‍ॅक्युपंक्चर व अ‍ॅक्युप्रेशर यांचा विचार केला आहे. मनगटाच्या आतील घडीपासून तीन बोटे कोपराकडे, दोन स्नायुरज्जूंमधील ‘नेइग्वान’ बिंदू अंगठ्याने हलकेच दाबून संथ श्वास घ्यावा, इतके हे साधन सुलभ आहे. सुयांचा उपचार मात्र २०१५ च्या महाराष्ट्र अ‍ॅक्युपंक्चर अधिनियमान्वये नोंदणी झालेल्या जाणकाराकडूनच घ्यावा. संशोधनाचा कौल अद्याप निर्णायक नाही. म्हणून निद्रानाश वा नैराश्य जडल्यास डॉक्टरांचा सल्ला टाळू नये, ही कळकळीची विनंती.

— संपादक