ताप कुठे मोजला?

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. आमच्या घरचा कॉम्प्युटर चालता चालता फट्कन बंद पडू लागला. मुलाचं बारावीनंतरच्या प्रवेशाचं काम त्याच्यावरच चाललेलं. मी नेहमीप्रमाणे निकाल देऊन मोकळा झालो, "गेम खेळून खेळून वाट लावलीस!" तो एवढंच म्हणाला, "बाबा, परीक्षा झाल्यापासून मी गेम लावलेलाच नाही." मी ऐकलं नाही. दुरुस्तीवाल्यानं फोनवरच मदरबोर्ड गेला म्हणून सांगितलं आणि खर्चाचा आकडा ऐकून मी गप्प बसलो.

धारवाडहून सासूबाई आल्या होत्या. त्यांनी डब्याच्या मागे हात धरला आणि म्हणाल्या, "भाळ बिसी आगेद नोड्रि." फारच तापलाय! मग मी प्रोसेसरचं तापमान दाखवणारी दोन सॉफ्टवेअरं उतरवून घेतली. एकात 'सीपीयू ४१ अंश', दुसऱ्यात ६३. एकच यंत्र, एकच वेळ, आणि बावीस अंशांचा फरक! सासूबाईंना सांगितलं तर त्यांनी विचारलं, "थर्मामीटर कुठं लावला होता?" काखेतला ताप आणि तोंडातला ताप वेगळा येतो, हे नातवंडं वाढवलेल्या बाईला सांगावं लागत नाही.

खरी मेख तिथेच होती. पहिला आकडा मदरबोर्डवर, प्रोसेसरच्या खोबणीजवळ बसवलेल्या सेन्सरचा होता. दुसरा प्रोसेसरच्या पोटातला, प्रत्येक कोअरचा वेगळा. विश्वास ठेवायचा तो या दुसऱ्यावर.

पण त्यातही एक गंमत आहे. इंटेलच्या प्रोसेसरमधला सेन्सर थेट तापमान सांगत नाही. धोक्याची मर्यादा गाठायला किती अंश उरले, एवढंच सांगतो. सॉफ्टवेअर मर्यादेतून ते वजा करून आपल्याला आकडा दाखवतं. बऱ्याच प्रोसेसरची मर्यादा १०० अंश असते, पण सगळ्यांची नाही. सॉफ्टवेअरनं मर्यादा चुकीची धरली की उत्तरही चुकलं. म्हणून जुनं सॉफ्टवेअर नव्या प्रोसेसरवर वापरू नये. एएमडीनं २०१७ साली काढलेल्या रायझन १७००एक्स आणि १८००एक्समध्ये तर आकडा मुद्दामच २० अंशांनी वाढवून दिला जाई. माहीत नसलेला माणूस घाबरायचाच. शिवाय हे सेन्सर मर्यादेजवळ अचूक असतात; यंत्र थंड असतानाचे आकडे जरा सैलच धरावेत.

मग आम्ही बापलेकांनी रीतसर मोजायचं ठरवलं. डब्याचं झाकण बंदच ठेवलं, कारण उघडा डबा पंख्याखाली ठेवून घेतलेला आकडा रोजच्या वापराचा नव्हे. भिंतीवरच्या थर्मामीटरवर खोलीचं तापमान पाहिलं, ३२. कॉम्प्युटर सुरू करून दहा मिनिटं नुसता ठेवला आणि सगळ्यात तापलेल्या कोअरचा आकडा टिपला, ६१. मग भरपूर काम लावलं. दोन मिनिटांत १००! मर्यादेला पोचला की प्रोसेसर आधी आपला वेग कमी करतो. तरीही ताप चढतच राहिला तर स्वतःला वाचवायला वीजच तोडतो. आमचा कॉम्प्युटर बंद पडत होता तो असा.

वायर काढून डबा उघडला. पंख्याखालच्या पत्र्यांत धुळीचा नमदा बसलेला. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. ब्रशनं धूळ काढली, जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली, नवी वाटाण्याएवढी लावली. तोच डबा, तीच खोली, पुन्हा तेच काम वीस मिनिटं. सर्वांत जास्त आकडा ७२. खर्च, पेस्टच्या एका ट्यूबचा.

वाचकहो, आपल्या घरीही मोजून पाहा, पण एका आकड्यावर निकाल देऊ नका. खोलीचं तापमान, रिकामं असतानाचं आणि कामातलं, असे तिन्ही आकडे वहीत लिहून ठेवा आणि वर्षाला एकदा ताडून पाहा. कामात आकडा ८० च्या आत असेल तर निर्धास्त राहा. सतत नव्वदीच्या वर गेला तर आधी धूळ पाहा. काही नवे प्रोसेसर मात्र मुळातच जास्त तापतात. २०२२ साली आलेले रायझन ७००० मालिकेतले प्रोसेसर पूर्ण कामात ९५ पर्यंत जातील असेच घडवलेले आहेत. म्हणून आपल्या प्रोसेसरची मर्यादा आधी कंपनीच्या माहितीपत्रकात पाहावी.

आमच्या वहीत हे आकडे मुलाच्या अक्षरात आहेत. अर्ज वेळेत गेला. राहता राहिली माझी चूक. ती मी रात्री जेवताना सासूबाईंच्या देखत कबूल केली, "तप्पातु." चुकलं माझं. पोरगा हसला आणि आजीच्या ताटात आणखी एक भाकरी वाढून म्हणाला, "बाबा, पुढच्या वेळी आधी मोजायचं, मग बोलायचं."