थंडावलेले पाणी

माळ्यावरची जुनी ट्रंक आवरताना एका कापड व्यापाऱ्याच्या हाती आपला तपकिरी पट्टा लागला. दहावीच्या परीक्षेसाठी म्हणून त्यांचा कराटेचा वर्ग सुटला होता. परीक्षा संपली, पाठोपाठ महाविद्यालय, दुकान, विवाह आणि संसार आला. वर्गात परत जाणे मात्र राहूनच गेले. त्या गोष्टीस आता तीस वर्षे झाली होती. धाकटी कन्या कराटे शिकू लागली आणि तिला सोडण्याच्या निमित्ताने ते रोज त्या सभागृहाच्या दारात उभे राहू लागले. एके दिवशी त्यांनी स्वतःचेही नाव नोंदविले.

पहिल्याच दिवशी अनर्थ झाला. सोळाव्या वर्षी जसा पाय डोक्याच्या उंचीपर्यंत जात असे, तसाच तो त्यांनी उचलला आणि मांडीमागचा स्नायू दुखावला. तीन आठवडे दुकानाच्या पायऱ्या चढणेही कठीण झाले. ‘या वयात हे कशाला?’ असा प्रश्न घरात उघडपणे विचारला जाऊ लागला. त्याचे उत्तर त्यांच्यापाशीही नव्हते.

अशा दुखापतीचे कारण केवळ वय नसते. एकदा नीट आत्मसात केलेली हालचाल मेंदू वर्षानुवर्षे विसरत नाही. पट्टीचा पोहणारा दीर्घ काळाने पाण्यात उतरला तरी बुडत नाही, तसेच हे आहे. शरीराचे मात्र तसे नसते. सराव थांबताच काही आठवड्यांत दम कमी होऊ लागतो, हळूहळू बळ ओसरते, सांधे आखडतात. पुन्हा सराव सुरू केल्यावर स्नायू तुलनेने लवकर सावरतात. त्यांना हाडांशी जोडणारे कंडरे फार सावकाश बळकट होतात. टाचेमागचा मोठा कंडरा तुटण्याचे प्रकार तिशी ते पन्नाशीच्या आणि अधूनमधूनच खेळणाऱ्या पुरुषांत विशेष आढळतात, ते यामुळेच. मनाला सगळे आठवत असते आणि ते शरीरास आज्ञा देते. ती पाळण्याइतकी शरीराची तयारी झालेली नसते.

आधुनिक कराटेचे एक प्रमुख आचार्य गिचिन फुनाकोशी यांनी हे वेगळ्या शब्दांत सांगून ठेवले आहे. ओकिनावा बेटावरचे हे शिक्षक १९२२ साली, पन्नाशी ओलांडल्यानंतर, ही विद्या घेऊन टोकियोस आले. साधकांसाठी त्यांनी वीस सूत्रे रचली. त्यांतील एका सूत्रात कराटेस उकळत्या पाण्याची उपमा आहे. आच चालू राहिली नाही, तर ते पाणी पुन्हा थंड होते. तीस वर्षांनी परतणाऱ्याने आपले पाणी थंडावले आहे हे आधी मान्य करावे. भांडे तेच असते. आच मात्र मंद ठेवूनच आरंभ करावा लागतो.

ते व्यापारी दुसऱ्यांदा गेले, तेव्हा पांढरा पट्टा बांधून गेले. वयाने पंधरा वर्षांनी लहान असलेल्या शिक्षकांना त्यांनी ‘सर’ म्हणून वाकून नमस्कार केला आणि शेवटच्या रांगेत, मुलांच्या मागे जागा घेतली. मुले त्यांना ‘काका’ म्हणत. ‘हेइआन शोदान’ हा प्रारंभीचा काता त्यांनी पहिल्यापासून गिरविला. त्याची पहिली हालचाल प्रहाराची नसून डावीकडे वळून आघात अडविण्याची आहे. ती करताना त्यांचे पाऊल चुकले, तेव्हा कन्येनेच हळू आवाजात सांगितले, “पप्पा, गुडघा आणखी वाकवा.” भर वर्गात मुलीकडून ऐकून घेणे त्यांना पहिल्या दिवशी जड गेले. महिनाभराने घरी तेच तिला विचारू लागले, “आज माझा गुडघा नीट वाकला होता का?”

परतू इच्छिणाऱ्यांनी काही गोष्टी अवश्य पाळाव्यात. चाळिशीनंतर, विशेषतः मधुमेह अथवा रक्तदाब असल्यास, प्रथम वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. आरंभी आठवड्यातून दोनच दिवस सराव पुरे. अंग तापल्याखेरीज पाय उंच उचलू नये. पहिले काही महिने तो कमरेच्या वर नेऊ नये. प्रतिस्पर्ध्याशी झुंजण्याचा सराव सर्वांत शेवटी घ्यावा. दुखणे दोन दिवसांत ओसरले नाही, तर विश्रांती घेण्यात कमीपणा मानू नये. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्या घरांतील मंडळींनी शक्यतो पहाटेचा वर्ग निवडावा. भरल्या पोटी सराव होत नाही आणि रात्री सरावानंतर लागणाऱ्या भुकेचा प्रश्नही उरत नाही.

आता त्या घरी भल्या पहाटे दोन पांढरे गणवेश एकत्रच बाहेर पडतात. तपकिरी पट्टा अजून ट्रंकेतच आहे. तो पुन्हा बांधण्यास आणखी दोन वर्षे तरी लागतील, असे शिक्षकांनी सांगितले आहे. त्या व्यापाऱ्यांना त्याची घाई नाही. दुकान उघडण्याच्या वेळेपर्यंत परतता आले की त्यांचे काम झाले. ‘या वयात हे कशाला?’ हा प्रश्नही घरात आता कोणी विचारीत नाही.