चिकटवू नका, जुळवा!

आधीच सांगते, कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी जरा 'असेंबल' केलेलं आहे. 'चुंबक' हा शब्द मी शाळेत कधी लिहिलाच नाही. तेव्हा सांभाळून घ्या.

विषय मात्र चुंबकाचाच आहे. दर रविवारी आमच्या हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये आम्ही पाचजणी टेबलावर छोटी छोटी सैन्यं मांडून बसतो. "भातुकली का?" असं सगळ्यांचं विचारून झालंय! हा खेळ म्हणजे वॉरहॅमर ४०,०००. इंग्लंडच्या गेम्स वर्कशॉप कंपनीने तो १९८७ साली आणला. प्लॅस्टिकचे सुटे भाग कापायचे, जोडायचे, रंगवायचे आणि मग फासे टाकून लढायचं.

गोची अशी, की बऱ्याच बॉक्समध्ये बंदुका तीन-चार प्रकारच्या आणि धड एकच. हातात जे हत्यार दिसतं तेच त्याच्याकडे आहे असं धरतात. त्यात नियम बदलत राहतात. २०१७, २०२० आणि २०२३ अशा तीन-तीन वर्षांनी नव्या आवृत्त्या आल्या. कालची भारी बंदूक आज कुचकामी!

माझा मावसभाऊ लीड्सला शिकतो. फर्स्ट इयरला असताना दादाने मला एक ड्रेडनॉट आणून दिला. ड्रेडनॉट म्हणजे दोन पायांवर चालणारं लोखंडी धूड. मी एका रात्रीत प्लॅस्टिक ग्लूने चिकटवून मोकळी! हा ग्लू प्लॅस्टिक वितळवून दोन भाग एकजीव करतो, म्हणजे वेल्डिंगच म्हणा ना. महिन्याभरात कळलं, चुकीची बंदूक लावली. ओढून काढायला गेले तर खांदाच तुटला. मेसच्या महिन्याभराच्या बिलाएवढी ती वस्तू. दादाला अजून सांगितलेलं नाही.

यावर उपाय म्हणजे नियोडिमियम मॅग्नेट. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जपान आणि अमेरिकेत वेगवेगळा लागलेला हा शोध. खांद्याला ५ मिमी व्यासाची, १ मिमी जाडीची चकती पुरते. हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने खड्डा करायचा, सुपरग्लूचा थेंब टाकायचा आणि चकती पृष्ठभागाच्या अगदी लेव्हलला बसवायची. फट राहिली की पकड गेलीच.

पण माझं म्हणणं पुढेच आहे. नुसते मॅग्नेट लावून काम होत नाही. गेल्या सेमला आमच्यातल्या दोघींनी आपापल्या मॉडेल्सना मॅग्नेट लावले. एकीचा हात दुसरीच्या धडाला लावायला गेलो, तर तो टुणकन उडून कॅरम बोर्डवर! कारण सोपं. एकीने धडात उत्तर ध्रुव बाहेर ठेवला होता, दुसरीने दक्षिण.

१८४१ साली जोसेफ व्हिटवर्थने स्क्रूच्या आट्यांचं एक प्रमाण सुचवलं. स्क्रू काय, आधीही होतेच. पण एका कारखान्याचा बोल्ट दुसऱ्याच्या नटाला बसेल याची खात्री नव्हती. आमचंही तेच झालं होतं.

म्हणून माझा आग्रह आहे की कॉमन रूमच्या कपाटावर एक कागद लावावा. धडात उत्तर, हातात दक्षिण. खांद्याला ५ बाय १, मनगटाला ३ बाय १. आणि एका जुन्या पेनाच्या टोकाला दक्षिण ध्रुव बाहेर ठेवून 'मास्टर' मॅग्नेट लावावा. पेन ज्या धडाला चिकटेल ते बरोबर, ढकलेल ते चूक. मेट्रॉलॉजी लॅबमधला गो-नो गो गेजच की!

कोणी म्हणेल, एका बाजूला खिळ्याचं डोकं लावा, ध्रुवांची भानगडच नको. खरंय. पण पकड कमी पडते आणि जड बंदूक खाली लोंबते. माझी रूममेट म्हणते, "एकदा ठरवलं की चिकटवावं, सारखं काय बदलायचं?" पायांच्या बाबतीत तिचं मी ऐकते. हातांच्या नाही!

एका बाबतीत मात्र वॉर्डन मॅडमचं शंभर टक्के बरोबर आहे. मेसच्या काकूंचा छोटा कॉमन रूममध्ये खेळायला येतो. एकापेक्षा जास्त मॅग्नेट पोटात गेले तर आतड्यांच्या भिंती मध्ये पकडून ते एकमेकांना चिकटतात आणि ऑपरेशनची वेळ येऊ शकते. तेव्हा सुटे मॅग्नेट मोजून, डब्यात, कुलपात. यात तडजोड नको.

आता हे सगळं आत्ताच का? कारण मे महिन्यात फायनल इयरच्या दोन्ही ताई जातील. सैन्यं सोबत नेतील, पण जास्तीच्या हातांचा आणि बंदुकांचा डबा इथे ठेवून जाणार आहेत. सेकंड इयरच्या एका मुलीकडे कसंबसं घेतलेलं एकच धड आहे. त्या डब्यामुळे तिला चार प्रकारे खेळता येईल. पण ते हात तिच्या धडाला बसले तर ना!

तेव्हा ताई, आज रात्री सबमिशन सोडून ड्रिल हातात घ्याल, तेव्हा आधी पेन लावून बघा. प्लीज!