तोंडातील जिवाणूंची पकड आणि धोरणातील सैल दुवा

नवी दिल्ली : मानवी तोंडात जिवाणूंच्या सुमारे 700 प्रजाती आढळतात. लाळेचा अखंड प्रवाह त्यांना पोटाकडे वाहून नेत असतो, तर गालाच्या आतील अस्तराच्या पेशी सतत गळून पडतात व त्यांच्या जागी नव्या येतात. अशा ठिकाणी चिकटून राहण्याची कला ज्याला साधली, तोच जिवाणू टिकतो. हिरड्यांच्या रोगाची सुरुवात समजून घेताना म्हणूनच या पकडीचा विचार आधी करावा लागतो.

‘पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस’ हा जिवाणू आपल्या अतिसूक्ष्म तंतूंनी हिरडीच्या पेशीवरील इंटिग्रिन हे प्रथिन धरतो आणि पेशीच्या आत शिरतो. तेथे ब्रश पोहोचत नाही. अनेक प्रतिजैविकेही निष्प्रभ ठरतात. ‘फ्युसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम’ची तऱ्हा अधिक चिंताजनक आहे. त्याच्या पृष्ठभागावरील ‘फॅड-ए’ हे प्रथिन शेजारच्या पेशींना परस्परांशी बांधून ठेवणाऱ्या ‘ई-कॅडहेरिन’लाच पकडते. भिंतीच्या विटांऐवजी त्यांमधील चुन्यावर घाव घालावा, तसा हा प्रकार. मोठ्या आतड्याच्या कर्करोग पेशींमध्ये याच पकडीमुळे वाढीचे संकेत सुरू होतात, असे अमेरिकी संशोधकांनी 2013 मध्ये दाखवून दिले. सिएटल येथील फ्रेड हचिन्सन केंद्राच्या संशोधकांनी 2024 मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तपासलेल्या अशा गाठींपैकी जवळपास निम्म्या गाठींत या जिवाणूचा एक विशिष्ट उपप्रकार आढळला. अर्थात, जिवाणू सापडला म्हणजे कर्करोग त्यानेच घडवला, असे म्हणता येत नाही; गाठीत त्याला आयता आसराही मिळत असावा.

भारतात या संशोधनाचा धागा दवाखान्याच्या खर्चाशी जुळतो. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम 2014 पासून अस्तित्वात आहे. मात्र आयुष्मान भारत योजनेतील 5 लाख रुपयांचे संरक्षण रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी आहे, तर दातांवरील कीटण काढणे व हिरड्यांची सफाई ही कामे बाह्यरुग्ण विभागात होतात. परिणामी पकड सैल असताना करावयाचा स्वस्त उपचार रुग्णाच्या खिशावर पडतो. त्यात 2016-17 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशातील 28.6 टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करतात. धूम्रपान करणाऱ्यांच्या रोगट हिरड्यांतून रक्तही कमी येते आणि दंतवैद्याकडे जाण्याची वेळ टळत राहते.