आधी आखणी, मग लिखाण

गेल्या आठवड्यात संध्याकाळी काटोलच्या आमच्या मोहल्ल्यातील एक बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. संत्र्याच्या हंगामात त्या माल निवडायच्या कामाला जातात. म्हणाल्या, "भाऊ, पोरगी म्हणते प्रोग्रॅमर व्हायचं हाय. बारावी झाली तिची. क्लासवाला म्हणते, सहा महिन्यांत नोकरी लावून देतो. गटातून कर्ज काढू का नाही, मले काई समजत नाही."

वाचकहो, आम्ही कॉम्प्युटरचे पंडित नाही. पण हे काम करणाऱ्यांकडून जे ऐकले आणि वाचले, तेवढे सांगणे आमचे कर्तव्य होते. आम्ही म्हणालो, "ताई, उद्या तुमच्या बचत गटाची वही आणा आणि मुलीलाही आणा."

दुसऱ्या दिवशी मायलेकी आल्या. वहीत प्रत्येक बाईचे एक पान. प्रत्येक पानावर महिन्याची वर्गणी ५० रुपये आणि कर्जावर व्याज शेकडा दोन, असे लिहिलेले. पुढे गटाने वर्गणी १०० केली, तेव्हा वीस पानांवर खाडाखोड करावी लागली. एक पान राहून गेले. त्या बाईची बाकी चुकली आणि गटात भांडण झाले.

आम्ही मुलीला विचारले, "चूक कोणाची?" ती म्हणाली, "लिहिणारीची." आम्ही म्हणालो, "लिहिणारीची थोडी, वही आखणाऱ्याची जास्त. जी गोष्ट बदलणार हे ठाऊक होते, ती वीस ठिकाणी कशाला लिहायची?"

प्रोग्रॅमरच्या धंद्याचे मर्म इथेच आहे. प्रोग्रॅम म्हणजे यंत्राला दिलेल्या सूचनांची वही. डेव्हिड पार्नास या संगणकतज्ज्ञाने १९७२ साली एका लेखात एकच काम दोन रीतींनी वाटून दाखवले. पहिली रीत कामाच्या क्रमाने, म्हणजे आधी हे, मग ते. दुसरी रीत अशी की, जो निर्णय पुढे बदलू शकतो तो एका भागात बंद करून ठेवायचा. बाकीच्या भागांनी त्याच्या दारात येऊन उत्तर विचारावे, आत डोकावू नये. दुसऱ्या रीतीत बदल करायचा तर एकच दार उघडावे लागते. गटाच्या हिशेबात वर्गणी आणि व्याज यांचे असे दार असते, तर भांडण झालेच नसते.

ही काळजी न घेतल्याची किंमत जगाने मोजली आहे. पूर्वी संगणकाची स्मरणशक्ती फार महाग होती. जागा वाचवण्यासाठी सालाचे शेवटचे दोनच आकडे लिहिण्याची पद्धत पडली. २००० साल जवळ आले तेव्हा ०० म्हणजे १९०० की २०००, हे यंत्राला कळेना. साल कुठे कुठे लिहिले आहे ते शोधून दुरुस्त करण्यात १९९९ पर्यंत प्रोग्रॅमर गुंतले होते. त्यातले पुष्कळ काम भारतात आले आणि आपल्याकडील हजारो तरुणांना त्यातूनच रोजगार मिळाला.

विदर्भातलेही उदाहरण आहे. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे. नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून त्यांनी १९६५ साली पदवी घेतली, पुढे बडोदा आणि दिल्ली येथे शिक्षण घेतले. १९८० च्या दशकात भारताला हवा तो महासंगणक विकायला अमेरिका तयार होईना. तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली. भटकर तिचे प्रमुख झाले आणि १९९१ साली 'परम ८०००' तयार झाला. एकच अजस्र यंत्र बांधण्याऐवजी अनेक छोटे प्रोसेसर जोडून त्यांच्यात काम वाटण्याची त्याची रचना होती. संत्रा तोडायला वीस बाया लावल्या आणि सगळ्या एकाच टोपल्यापाशी खोळंबल्या, तर वीस जणींचा काय उपयोग? काम असे वाटावे लागते की एकीला दुसरीची वाट पाहावी लागू नये.

आता यंत्रच प्रोग्रॅमच्या ओळी लिहून देते. म्हणून नुसत्या ओळी पाठ करून भागणार नाही. यंत्राने लिहिले ते बरोबर आहे का आणि कोणती गोष्ट कुठे ठेवायची, हे ठरवणारे डोके हवे. ते सहा महिन्यांत तयार होत नाही. नवीन मुलाला आधी दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधील चुका शोधाव्या लागतात. मग एक छोटा भाग हाती येतो. सगळ्या कामाची आखणी करण्याचा मान पुष्कळ वर्षांनी मिळतो.

म्हणून मायबापांना आमचे सांगणे आहे. "नोकरीची हमी" ऐकून कर्ज काढू नका. दहावीनंतर आय.टी.आय.चा कोपा हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, तंत्रनिकेतनची तीन वर्षांची पदविका आहे. बारावीनंतर बी.सी.ए. आहे. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाला अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती असते, तिचा अर्ज महाडीबीटीवर भरावा लागतो. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे. अटी समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्या. इंग्रजीची भीती वाटत असेल तर नागपूरचेच यशवंत कानेटकर यांचे 'लेट अस सी' हे पुस्तक वाचनालयात मागा. त्यांची भाषा सोपी आहे आणि उदाहरणे छोटी आहेत. रोज एक उदाहरण आधी कागदावर सोडवावे.

बाईंनी कर्ज काढले नाही. मुलगी बी.सी.ए.चा अर्ज भरणार आहे. परवा ती गटाची नवी वही दाखवायला आली. पहिल्या पानावर वर्गणी आणि व्याजाचा दर, बाकी पानांवर फक्त "पान १ पाहा". आम्ही विचारले, "दर बदलला तर किती पाने खोडशील?" ती हसून म्हणाली, "पण काका, जुन्या महिन्यांचा हिशेब तर जुन्याच दराने राहिला पाहिजे. म्हणून दरापुढे तारीख टाकली."

हे आम्हालाही सुचले नव्हते.