शेताचा बांध आणि गोलची चौकट

कार्तिक उजाडला की आमच्या पेडणे तालुक्यातील शेतांचे रूप पालटते. सरदीचे भात कापून घरात येते आणि पाण्याअभावी ज्या शेतांत वायंगण पिकत नाही, तेथे दोन-तीन दिवसांत बांबूच्या चार काठ्या उभ्या राहतात. भाताची धसकटे पायांना टोचत असतात, पण मुलांना त्याचे काय! शाळा सुटल्यावर परतताना मी त्या बांधावर घटकाभर थांबतोच.

गेल्या वर्षी याच दिवसांत एक शेतकरी पालक माझ्या कार्यालयात आले. मुलगा दहावीत. डिचोली तालुक्यातील एका निवासी फुटबॉल प्रशिक्षणासाठी त्याची निवड झाली होती. खुर्चीत न बसताच ते म्हणाले, "सर, ह्या चेड्याक तुमीच सांगात. शेत कोण करतलो?"

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर मला तत्काळ देता आले नाही. त्याचे कारण पुढे सांगतो.

फुटबॉल गोव्यात आला तो आमच्या शेजारच्या गावात. शापोरा नदीच्या पलीकडे शिवोली आहे. तेथे १८८३ मध्ये फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या ब्रिटिश धर्मगुरूने हा खेळ रुजविला असे मानले जाते. त्यास पुढे जे थोर फळ आले, त्याचे नाव ब्रह्मानंद शंखवाळकर. त्यांचा जन्म १९५४ चा, गाव ताळगाव. हे ताळगाव पणजीला लागून असले तरी जुने शेतीचे गाव. तेथील वांगी प्रसिद्ध आहेत, आणि नव्या भाताचे पहिले कणीस कापण्याचा परंपरागत मानही त्याच गावाकडे आहे. अशा गावचा हा खेळाडू गोलरक्षक झाला. सुमारे सतरा वर्षे तो साळगावकर क्लबाकडून खेळला, १९८३ ते १९८६ या काळात भारताचा कर्णधार झाला. १९८३ मध्ये गोव्याने बंगालसह संतोष करंडक संयुक्तपणे जिंकला. आणि पुढच्याच वर्षी मद्रासला पंजाबचा पराभव करून तो एकट्याने मिळविला. त्या स्पर्धेत गोव्याच्या जाळीत एकही गोल झाला नाही. १९९७ चा अर्जुन पुरस्कार आणि २०२२ ची पद्मश्री हे सन्मान त्यांस पुढे लाभले.

गोलरक्षकाचे काम मला नेहमी शेतकऱ्याच्या कामासारखे वाटते. नव्वद मिनिटे राखण करायची. राखले तर कोणी फारसे बोलत नाही, एकदा चुकले की सारे गाव बोलते.

परंतु त्या पालकांची चिंताही खोटी नव्हती. त्या काळी क्लब खाणमालकांचे होते. पुष्कळ खेळाडूंस संघातील जागेबरोबर कंपनीत नोकरीही मिळे, आणि मैदान सुटले तरी चूल विझत नसे. १९९६ मध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाली, खेळ व्यावसायिक झाला, पैसा वाढला. त्याबरोबर अनिश्चितताही वाढली. २०१२ मध्ये खाणी थांबल्या. २०१६ मध्ये लीगच्या नव्या रचनेवर नाराज होऊन धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तिन्ही संघांनी आय-लीगमधून माघार घेतली. पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळविणाऱ्या धेंपोची ही गत, तर एका गुडघ्यावर विसंबलेल्या मुलाचे काय?

ऑस्ट्रेलियात लंबगोल चेंडूने, अठरा-अठरा गड्यांचा एक निराळाच फुटबॉल खेळतात. त्याचे नियम १८५९ मध्ये मेलबर्नला लिहिले गेले. तेथेही गव्हाच्या आणि मेंढ्यांच्या शेतांवरील मुले गावच्या संघातून मोठ्या क्लबात जातात. त्यांतील काही जण खेळ संपल्यावर पुन्हा शेतावर परततात. परतण्यात तेथे कोणी अपयश मानीत नाही. आपल्याकडे मात्र गेलेला मुलगा कायमचा गेला, असेच आपण धरून चालतो.

आता माझ्या मौनाचे कारण. पंचवीस वर्षांपूर्वी असाच एक विद्यार्थी होता. त्याच्या वडिलांना मी ठामपणे सांगितले, "चेंडूने पोट भरत नाही, त्याला शिकू द्या." मुलाने माझा शब्द मानला. आज तो एका कचेरीत कारकून आहे. संसार नीट चालला आहे. त्याचे शेत मात्र पडीकच आहे. एकदा गावच्या सामन्याच्या वेळी तो कुंपणाबाहेर उभा दिसला. मी विचारले, "आत का येत नाहीस?" तो हसून म्हणाला, "नको सर, आत आलो की पाय स्वस्थ बसत नाहीत." त्या हसण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते मला अधिक लागले. मी शेतही वाचविले नव्हते आणि खेळही.

म्हणून या वेळी मी त्या पालकांना एवढेच म्हणालो, "शालान्त परीक्षा पुरी होऊ द्या, मग जाऊ द्या. खेळाडूचे वय दहा-पंधरा वर्षांचे. शेत तोवर थांबते. फक्त तुम्ही ते विकू नका." मोपाचा विमानतळ झाल्यापासून आमच्याकडे जमिनीला गिऱ्हाईक रोज दारात उभे असते, हे त्यांना निराळे सांगावे लागले नाही. ते काही न बोलता उठून गेले.

जूनमध्ये मुलगा गेला. चतुर्थीला चार दिवस घरी आला तेव्हा भात पोटरीला आले होते. वडिलांसह तो बांधावर तण काढताना मला दिसला. तो खेळाडू होईल की नाही, ते मी जाणत नाही. पण त्या दिवशी त्याचे वडील मला पाहून स्वतःहून थांबले आणि म्हणाले, "सर, पाय बरे घट झाल्यात हो त्याचे."

दूरच्या शहरांत मुलांच्या भवितव्याचा निर्णय घेणाऱ्या आपल्या मराठी घरांना हे सांगावेसे वाटले. मुलाला पाठवताना परतीची वाट तेवढी मोकळी ठेवावी.